मिशिगन सरोवरात बुडालेली, अजून न सापडलेली लाकडी स्कूनर: शोधाची चौकट कशी आखायची?

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. पवनी तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या वाचनालयात नववी-दहावीच्या मुलांसाठी नकाशावाचनाचा उपक्रम ठेवला आहे. विषय: एकोणिसाव्या शतकातलं हरवलेलं मालवाहू जहाज कागदावरून शोधायचं. जहाज सरावापुरतं कल्पलेलं आहे, माहिती मात्र तेव्हाच्या बातम्यांमध्ये जशी अर्धवट आणि एकमेकींना छेद देणारी असायची तशीच ठेवली आहे.

तीन डोलकाठ्यांची लाकडी स्कूनर, म्हणजे शिडांचं जहाज. लांबी १३७ फूट, रुंदी २६, मालखान्याची खोली ११. अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरावरच्या एस्कॅनाबा बंदरातून शिकागोला ६०० टन लोहखनिज घेऊन निघाली. ऑक्टोबर १८८१, रात्रीचं वादळ, पहाटे दोनच्या सुमारास बुडाली. खलाशी होडीतून वाचले. कप्तान म्हणतो, दीपगृहापासून ८ मैलांवर बुडाली. दीपगृहाचा रखवालदार म्हणतो, सकाळी दक्षिण-आग्नेयेला अंदाजे ३ मैलांवर दोन डोलकाठ्यांची टोकं दिसली, साधारण २० फूट पाण्याबाहेर. वर्तमानपत्रात '१५ फॅदम पाण्यात' असं छापून आलं. कण्यापासून (तळाच्या मधल्या लांब तुळईपासून) डोलकाठीच्या शेंड्यापर्यंतची उंची ११५ फूट धरली आहे.

विचारायचं ते असं: विश्वास कोणावर ठेवायचा? चौकट किती मोठी घ्यायची? आपल्याकडे बैलगाडीचं जू उघड्यावर राहिलं तर चार पावसाळ्यांत भुसभुशीत होतं, मग १४० वर्षं पाण्यात राहिलेल्या जहाजाचं काय उरणार? सापडलं तरी ते तेच आहे हे कशावरून? आणि सोनार यंत्र (आवाजाने पाण्याखालचं चित्र काढणारं) नसताना त्याचं चित्र मुलांना कसं दाखवावं?

जुनीकात्रणं

आधी मैल कोणता ते ठरवा. समुद्री मैल १८५२ मीटरचा, जमिनीचा १६०९ चा. अमेरिकेतल्या त्या सरोवरांवर जमिनीचा मैल वापरायची जुनी रीत आहे. तुमचे ८ मैल म्हणजे १२.९ किमी की १४.८, इथेच दोन किलोमीटरची गफलत होते. मुलांना दोन्ही वर्तुळं काढू द्या.

आता कप्तान की रखवालदार. पहाटे दोन वाजता, वादळात, जहाज फुटत असताना कप्तानाने सांगितलेलं अंतर हा निव्वळ अंदाज. त्यात मालक आणि विमावाले पुढे उभे. 'किनाऱ्याच्या फार जवळ गेलो नव्हतो' असं दाखवण्यात त्याचा फायदा आहे. रखवालदार स्थिर जागी उभा आहे, उजेडात बघतो आहे, त्याला कोणाला उत्तर द्यायचं नाही. अंतराच्या बाबतीत तोही चुकेल, कारण पाण्यावरचं अंतर डोळ्याला नेहमी फसवतं. पण दिशेच्या बाबतीत सहसा चुकणार नाही. त्याची दिशा घ्या, त्याचं अंतर सैल सोडा.

याचं खरं उदाहरण ताजं आहे. 'एफ. जे. किंग' ही तीन डोलकाठ्यांची, १४४ फुटी स्कूनर, १८६७ साली टोलेडोत बांधलेली. एस्कॅनाबाहून शिकागोला लोहखनिज नेताना १५ सप्टेंबर १८८६ ला विस्कॉन्सिनच्या बेलीज हार्बरजवळ बुडाली. कप्तानाने सांगितलेली जागा किनाऱ्यापासून बरीच लांब होती, दीपगृहाच्या रखवालदाराने डोलकाठ्या पाहिल्या त्या जवळ. लोक कितीतरी वर्षं शोधत राहिले. जून २०२५ मध्ये रखवालदाराच्या जागेभोवती चौकट आखून सोनार फिरवला आणि त्याने सांगितलं होतं तिथून अर्ध्या मैलाच्या आतच जहाज मिळालं.

आता तुमच्या बातमीतली सगळ्यात मोलाची ओळ कोणती? '२० फूट पाण्याबाहेर.' ११५ मधून २० वजा करा: कणा ९५ फुटांवर टेकलाय. फॅदम सहा फुटांचा, म्हणजे जवळजवळ १६ फॅदम. वर्तमानपत्र १५ म्हणतं, ते ९० फूट. उरलेल्या पाच फुटांचा हिशेब सोपा आहे, कणा मऊ गाळात तेवढा रुतला. दोन वेगळ्या तोंडून आलेली माहिती एकमेकींशी जुळते. कप्तानाच्या आठ मैलांवर नकाशात किती खोली आहे ते बघा. तिथे ४० फॅदम, म्हणजे २४० फूट असेल, तर ११५ फुटांची डोलकाठी पाण्याबाहेर दिसणं शक्यच नाही. कप्तानाची जागा इथेच बाद.

पण एक खोच आहे. डोलकाठी अखंड नसायची. खालचा जाड खांब, आणि त्याच्या डोक्यावर बांधलेला वरचा बारीक खांब. बुडताना वरचा मोडणं अगदी नेहमीचं. तो मोडला असेल आणि खालच्या खांबाचा शेंडा कण्यापासून ८० फुटांवर धरला, तर ८० वजा २० म्हणजे ६० फूट, दहाच फॅदम. म्हणून नकाशावर दोन समखोली रेषा काढा, एक १५-१६ फॅदमची, एक १० ची. रखवालदाराच्या दिशेची रेषा या दोन्हींना जिथे कापते तिथून सुरुवात. जहाज कलंडलेलं असेल तर हिशेब आणखी बदलतो, पण दोन डोलकाठ्या एकसारख्या बाहेर दिसल्या म्हणजे फारसं कलंडलेलं नसावं.

दुसऱ्या वर्षी त्या डोलकाठ्या कोणालाच दिसल्या नसतील, तर त्यात गूढ काही नाही. हिवाळ्यात तिथे बर्फ धरतो, तो त्यांना मोडतो.

तास_धुरा

जुनीकात्रणं भाऊंनी पाया घातला, त्यावर आकडेमोड.

'दक्षिण-आग्नेय' म्हणजे होकायंत्राच्या ३२ भागांपैकी एक. एक भाग सव्वाअकरा अंशांचा. माणूस अर्ध्या भागापर्यंत चुकतो असं धरा, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेपाच अंशांहून थोडं जास्त. ३ मैलांवर, म्हणजे ४.८ किमीवर, ही चूक दोन्हीकडे ४७५ मीटर होते. ७.२ किमीवर ७०० मीटर. दिशा होकायंत्राची की खऱ्या उत्तरेवरून, हे माहीत नसेल तर त्या सालचं चुंबकीय विचलन (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक) धरून दोन्ही रेषा काढायच्या.

अंतर २ ते साडेचार मैल सैल सोडा. मग चौकट ४ किमी लांब आणि २ किमी रुंद, एकूण ८ चौरस किमी.

आता सोनार ओढायचा. बाजूला बघणारा सोनार म्हणजे होडीमागे दोरावर ओढायचा माशासारखा नळा, तो डावी-उजवीकडे आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजाचं चित्र काढतो. होडी शेतात तास काढावेत तशी समांतर चालवायची, धुऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. एका बाजूला १०० मीटर पल्ला ठेवला तर पट्टा २०० मीटरचा. शेजारच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मध्ये १५० मीटर ठेवा, ५० मीटर एकमेकांवर चढतील. २००० ला १५० ने भागलं तर १४ तासं, प्रत्येकी ४ किमी, एकूण ५६ किमी. वेग ४ नॉट, म्हणजे ताशी ७.४ किमी. साडेसात तास ओढणं, वर १३ वळणं, प्रत्येक सहा-सात मिनिटांचं. नऊ तास. दोन दिवसांत होतं.

कप्तानाच्या शब्दावर गेलात तर १० बाय ८ किमी, ८० चौरस किमी, ५४ तासं, ५४० किमी, ७३ तास नुसतं ओढणं. तेही वारा पडलेल्या दिवसांत. लाट मीटरभर झाली की नळा वर-खाली हिसकतो आणि चित्रात सगळी नागमोड उमटते, तो दिवस वाया. ही दोन गणितं मुलांकडून शेजारी-शेजारी करून घ्या. दस्तऐवज का वाचायचे ते त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

एक चूक हमखास होते. जीपीएस होडीवर असतो आणि नळा मागे. दोर १०० मीटर सोडला आणि नळा ४० मीटर खोल गेला, तर पायथागोरसने तो होडीच्या ९२ मीटर मागे आहे. हे धरलं नाही तर जागेची खूण ९२ मीटर पुढे पडते. परतीच्या तासात तीच वस्तू उलट्या बाजूला ९२ मीटर सरकते. नकाशावर एकाच जहाजाची दोन जहाजं होतात, १८४ मीटर अंतरावर.

डोलकाठी

तास_धुरा, १५० मीटरवर एक हरकत. नळ्याच्या अगदी खाली एक आंधळी पट्टी राहते, तिथे चित्र ताणलेलं आणि निरुपयोगी येतं. तुमच्या हिशेबात शेजारच्या तासाचा पल्ला १०० वर संपतो, या तासाची मधली रेघ १५० वर आहे. म्हणजे आंधळी पट्टी कोणीच झाकत नाही. पूर्ण झाकायचं तर तासं पल्ल्यापेक्षा जवळ हवीत, ९० मीटर. मग २३ तासं, ९२ किमी, साडेबारा तास.

तास_धुरा

बरोबर. पण जहाज ४२ मीटर लांब आहे. नळा तळापासून १५ मीटरवर असेल तर आंधळी पट्टी त्याहून अरुंद, जहाजाचं एक टोक तरी बाहेर डोकावेल. पहिला फेरा १५० ने मारावा, शंका येईल तिथे ९० ने. सुटा नांगर शोधायचा असता तर मीही ९० च म्हटलं असतं.

डोलकाठी

चालेल. आता जहाजाकडे येतो, कारण काय शोधायचं हे माहीत नसेल तर चित्रात समोर असूनही दिसत नाही.

१३७ बाय २६ हे माप वाचनकट्टा यांनी नकळत की जाणून घेतलं माहीत नाही, पण फार नेमकं आहे. ईरी आणि ऑन्टॅरिओ सरोवरांना जोडणाऱ्या दुसऱ्या वेलंड कालव्याचे जलपाश (जहाजं वर-खाली नेणारे दारांचे हौद) १५० फूट लांब, साडेसव्वीस फूट रुंद आणि ९ फूट खोल होते. त्यात जेमतेम बसेल अशी जहाजं बांधत: पेटीसारखी, पोट सपाट, बाजू उभ्या. उथळ बंदरांसाठी कणा खोल नाही, म्हणून मधोमध वर-खाली सरकणारी मोठी फळी. ती ज्या पेटीत सरकते ती पेटी मालखान्यातून उभी जाते. सोनारच्या चित्रात ही पेटी, मालखान्याची दारं, आणि डोलकाठ्या गेल्या असतील तर त्यांची भोकं शोधायची. निव्वळ लांबट डाग हा खडक असतो, बुडालेल्या ओंडक्यांचा ढीग असतो, कधी माशांचा थवासुद्धा. थवा दुसऱ्या फेरीत जागेवर नसतो.

माल काय होता यावर सगळं अवलंबून. सुरजागडच्या लोहखनिजाचा टिप्पर आठवा: हौद अर्धासुद्धा भरलेला नसतो आणि टायर बसलेले असतात. जहाजातही तसंच. ६०० टन खनिजाचा ढीग मालखान्याच्या मधोमध, बाकी जागा रिकामी हवेची. वजन खाली असल्याने जहाज लाटेवर झटक्याने डुलतं, त्या झटक्यांनी फळ्यांचे सांधे उघडतात आणि सांध्यात ठोकलेला काथ्या निघून येतो. पंप मागे पडतात. बुडताना पाणी आत घुसतं, कोंडलेली हवा वाट शोधते आणि मालखान्याची झाकणं नाहीतर मागची खोली उडवून देते. म्हणून मागची खोली गायब असलेलं जहाज दिसलं तर नवल नाही, तसंच अपेक्षित आहे.

माल बदलला तर चौकटही बदलते. गहू भिजला की फुगतो आणि फळ्या आतून उचकटतो. ओली झालेली हरभऱ्याची पोती शिवणीवर उसवलेली कोणी पाहिली असतील तर हे समजेल. लाकूड भरलेलं जहाज पाणी भरूनही तरंगत राहतं आणि वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जातं, त्यासाठी २ किमी रुंदीची चौकट हास्यास्पद. मीठ असेल तर ते विरघळून जातं, मालखाना रिकामा सापडतो. 'मार्गारेट ए. म्यूर' मीठच नेत होती, १८९३ मध्ये बुडाली, मे २०२४ मध्ये विस्कॉन्सिनच्या आल्गोमाजवळ अवघ्या ५० फूट पाण्यात मिळाली. इतक्या उथळ पाण्यात १३१ वर्षं कोणाला दिसली नाही.

आता लाकूड. बैलगाडीचं जू कुजतं कारण ते कधी ओलं कधी कोरडं होतं, आणि हवा भरपूर. बुरशीला दोन्ही लागतं. आपल्या जुन्या विहिरींच्या तळाला बांधकामाखाली उंबराचं कडं टाकायचे, ते पाण्यात राहून टिकतं. तेच लाकूड काढून उन्हात टाकलं तर गेलं. मिशिगन सरोवराच्या खोल पाण्यात ४ अंशांच्या आसपास थंडी, अंधार, आणि पाणी गोडं. समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो नावाचा किडा गोड्या पाण्यात जगत नाही. कोकणातल्या बुडालेल्या गलबताचं उघडं लाकूड तो किडा थोड्या वर्षांत चाळणी करतो, तिथे मात्र ओकच्या फळ्या १४० वर्षांनी जागेवर असतात. १८९४ साली ह्यूरॉन सरोवरात टकरीत बुडालेल्या 'आयर्नटन'ला सुटकेची होडी अजून दोराने बांधलेली मिळाली. ती होडी सोडवता न आल्यानेच पाच जण गेले.

त्या पाण्यातला खरा उपद्रव अलीकडचा आहे. १९८८ च्या सुमारास जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर झेब्रा शिंपले आले, पाठोपाठ क्वागा. ते लाकडावर थरावर थर चढतात. त्यांनी पाणी गाळून स्वच्छ केलं, त्यामुळे जहाजं दिसायला लागली. आणि त्यांनीच नावाची पाटी, कोरीव आकडे झाकून टाकले.

जुनीकात्रणं

ओळख पटवण्याचा मुद्दा राहिला होता. डोलकाठी म्हणतात तसं १३७ बाय २६ ची जहाजं एकाच साच्यातली, म्हणून नुसत्या मापावर 'हीच ती' म्हणायची घाई करू नये. शिवाय नोंदवहीतली लांबी जहाजाच्या पुढच्या टोकाच्या उभ्या तुळईपासून मागच्या टोकाच्या उभ्या तुळईपर्यंतची असते, पुढे झुकलेला सोट तीत धरत नाहीत. पाणबुड्याने फितीने टोकापासून टोकापर्यंत मोजलं की आकडा जास्त येतो आणि जुळणारं जहाज चुकीने नाकारलं जातं. आणि बाजू उघडून बाहेर पडल्या असतील तर रुंदी मोजण्यात अर्थ नाही.

मग काय? अमेरिकेत १८६६ च्या कायद्यानंतर प्रत्येक नोंदणीकृत जहाजाला सरकारी क्रमांक मिळाला, तो टनभारासह मुख्य तुळईवर कोरायचा असा नियम होता. तो वाचता आला तर वाद संपला. नाही आला तर चार-पाच गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: डोलकाठ्या किती, माल कोणता, सरकत्या फळीची पेटी कण्याच्या डाव्या बाजूला की उजव्या, दुरुस्तीच्या खुणा, आणि त्या भागात बुडालेल्या बाकीच्या जहाजांपैकी प्रत्येक का नाही. शेवटचं कोणी करत नाही. त्या पाण्यात बुडालेल्या सगळ्या तीन-डोलकाठ्यांची यादी करून एकेक खोडायची असते.

घाई केली की काय होतं याचं उदाहरण 'क्लोटिल्डा'. १८५५ ची दोन डोलकाठ्यांची स्कूनर, मुळात मालवाहू, १८६० मध्ये आफ्रिकेतून ११० माणसं गुलाम म्हणून अलाबामात चोरून आणली आणि पुरावा मिटवायला मोबील नदीत जाळून बुडवली. जानेवारी २०१८ मध्ये ओहोटीत एक सांगाडा उघडा पडला आणि हीच ती असावी असं जाहीर झालं. मोजल्यावर तो फार मोठा निघाला. खरी मे २०१९ मध्ये जाहीर झाली. तिची नोंद ८६ बाय २३ फुटांची, मापं जुळली, ओकच्या वाका (जहाजाच्या फासळ्या) आणि पिवळ्या पाइनच्या फळ्या जुळल्या, जळाल्याच्या खुणा मिळाल्या. तरीही नावाची पाटी नाहीच. सगळं एकत्र धरून निर्णय दिला.

ढिवरघाट

सगळे सोनारवर बोलून राहिले. जाळ्याचं काहून कोणी काढत नाही?

त्या सरोवरांतली कितीतरी जहाजं आधी जाळ्यात अडकली. 'अॅल्विन क्लार्क' १८६४ मध्ये ग्रीन बेमध्ये बुडाली, १९६७ मध्ये मासेमाराचं जाळं अडकलं म्हणून पाणबुडा उतरला. 'राउझ सिमन्स', नाताळची झाडं घेऊन जाणारी, नोव्हेंबर १९१२ मध्ये बुडाली; १९२४ मध्ये कप्तानाचं पाकीट मेणकापडात गुंडाळलेलं जाळ्यात आलं. जहाज १९७१ मध्ये मिळालं. जाळं अडकल्याच्या जागा मासेमार वहीत लिहून ठेवतात, कारण जाळं महाग असतं. ती वही मिळाली तर अर्धा सोनार वाचतो. मात्र जाळ्यात आलेला तुकडा म्हणजे जहाजाची जागा नव्हे. जाळं ओढत नेलेलं असतं, कुठून कुठपर्यंत ओढलं ते विचारावं आणि नकाशावर बिंदू न काढता रेघ काढावी.

'अॅल्विन क्लार्क'चं पुढे काय झालं तेही मुलांना सांगा. १९६९ मध्ये अख्खं वर काढलं. काठावर ठेवून लोकांना दाखवलं. लाकडातलं पाणी उडालं, पेशी बसल्या, फळ्या आकसून चिरल्या, सडल्या. १९९४ मध्ये मोडून टाकलं. पाण्यात १०५ वर्षं टिकलं, बाहेर २५. स्वीडनचं 'वासा' जहाज १९६१ मध्ये काढलं तेव्हा लाकडातल्या पाण्याची जागा घेणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल त्यावर १७ वर्षं फवारलं. एवढा खर्च करायची तयारी नसेल तर काढू नये. म्हणून आता तिथे फोटो काढून जागेवरच ठेवतात. १९८७ च्या कायद्याने अशी सोडून दिलेली जहाजं त्या त्या राज्याची मालमत्ता आहेत, पाणबुड्याने आठवण म्हणून कप्पीसुद्धा उचलायची नाही.

वाचनकट्टा

फार उपयोगी. दोन शंका. आपल्या नदीत असं काही होतं का, हे मुलं हमखास विचारतील. आणि सोनारच्या चित्राचं राहिलंच.

ढिवरघाट

स्कूनर नाही, पण मालवाहू नावांचा बेत होता. इंग्रजांनी १८६० च्या दशकात गोदावरी-प्राणहिता-वर्धा-वैनगंगेतून कापूस समुद्राकडे न्यायची योजना हाती घेतली. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे, त्यांना वळसा घालायला कालवे आणि जलपाश खोदायला घेतले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, योजनेतला जीव गेला, १८७१ मध्ये काम थांबवलं. सिरोंच्याच्या बाजूच्या शाळांना हा विषय आणखी जवळचा.

पण त्या काळची नाव वैनगंगेत अख्खी मिळेल ही आशा पोरांना लावू नका. आपल्या पात्रात उन्हाळ्यात लाकूड उघडं पडतं, पावसाळ्यात पुरात रगडलं जातं, दरवर्षी ओलं-कोरडं. टिकलंच तर निळसर चिकट गाळात खोल पुरलेलं, जिथे हवा पोचत नाही. असा तुकडा रेतीघाटावर पोकलेनच्या दातात येऊ शकतो. आला तर धुवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, तेल तर मुळीच लावायचं नाही. होता त्या गाळासकट ओल्या पोत्यात गुंडाळायचा, वरून प्लास्टिक, सावलीत. जागेचा फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेवायची. मग तलाठ्यामार्फत तहसीलदाराला कळवायचं. १८७८ च्या निखात निधी कायद्यात जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये ही रक्कम कायद्यात आजही तशीच आहे. कुजका लाकडाचा तुकडा त्यात बसतो की नाही याचा वाद आपण घालू नये, कळवून मोकळं व्हावं.

तास_धुरा

सोनारसाठी: पत्र्याचा मोठा ट्रे किंवा जुन्या दाराची फळी, साधारण दीड मीटर लांब. त्यावर दोन बोटं कोरडी रेती पसरा. घाटावरची चाळलेली रेती चांगली, मातकट नको, ती उजेड शोषते. काडेपेटीच्या खोक्यापासून पुठ्ठ्याची होडी करा, ५ सेमी उंच. खोली अंधारी करा. टॉर्च ट्रेच्या एका टोकाला, रेतीपासून १५ सेमी वर, आडवी धरा. बारीक एकच दिवा असलेली टॉर्च घ्या. जास्त दिव्यांच्या टॉर्चने सावलीच्या कडा दुहेरी येतात.

होडी टॉर्चपासून ६० सेमीवर ठेवली तर तिची सावली ९० सेमीपर्यंत जाते, म्हणजे ३० सेमी लांब. आता सूत्र: सावलीची लांबी गुणिले टॉर्चची उंची, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. ३० गुणिले १५ भागिले ९०, उत्तर ५. सेंटीमीटरच्या जागी मीटर लिहा, हेच सोनारचं गणित: नळा तळापासून १५ मीटर वर, सावली ३० मीटर, टोक ९० वर, तर वस्तू ५ मीटर उंच.

मग टॉर्च ४० सेमी उंचीवर न्या. सावली आखडते आणि होडी रेतीत मिसळते. नळा तळापासून फार वर ठेवला तर हेच होतं. पल्ल्याच्या १० ते २० टक्के उंची ठेवतात, १०० मीटर पल्ल्याला १० ते २० मीटर, ते यासाठी. होडीशेजारी त्याच उंचीचा गोटा ठेवून मुलांना फक्त सावल्या बघू द्या. गोट्याची सावली गोलसर, होडीची सरळ कडांची. झाडूची काडी डोलकाठी म्हणून खोचलीत तर सावलीत लांब बारीक रेघ येते. प्रत्यक्षातही कधी जहाजापेक्षा डोलकाठीची सावलीच आधी नजरेत भरते.

डोलकाठी

एक भर. चुंबकमापीचं (लोखंडामुळे चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक मोजणाऱ्या यंत्राचं) कोणी विचारलं तर: लाकडी जहाजातही नांगर, साखळ्या, खिळे असतात, त्यामुळे तो उपयोगी पडतो. पण अंतर दुप्पट झालं की संकेत आठवा भाग उरतो, त्यामुळे तासं फार जवळ घ्यावी लागतात. गाळात पुरलेल्या जहाजाला तोच, उघड्या तळावरच्या जहाजाला आधी सोनार. आणि मुलांच्या नकाशात १० फॅदमची रेषा विसरू नका, सगळे १५ वरच गर्दी करतील.

वाचनकट्टा

दोन्ही रेषा वेगळ्या रंगात काढतो. पुठ्ठ्याची होडी १३७ फुटांच्या प्रमाणात करायला बसलो तर ५ सेमी उंचीला लांबी किती ठेवू?

डोलकाठी

कण्यापासून कठड्यापर्यंत सुमारे १५ फूट धरा. १५ फुटांना ५ सेमी, तर १३७ ला साडेपंचेचाळीस आणि २६ ला पावणेनऊ. काडेपेटी पुरणार नाही, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, दोन तुकडे जोडून.